स्वसंरक्षणाचे पिस्तूल आणि कथनाची सक्ती : ‘डेथ विश’ कादंबरी व चित्रपट यांचा चिकित्सक अभ्यास

सारांश

दैनंदिन स्वसंरक्षणासाठी अंगावर पिस्तूल बाळगण्याचा प्रश्न अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात प्रामुख्याने हक्क आणि आकडेवारी या दोन अंगांनी चर्चिला जातो. तो कथनाचाही प्रश्न आहे, ही भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. त्यासाठी ब्रायन गारफिल्ड यांची ‘डेथ विश’ (१९७२) ही कादंबरी, मायकेल विनर दिग्दर्शित त्याच नावाचा चित्रपट (१९७४) आणि २०१८ सालची त्याची नवी आवृत्ती यांचा तौलनिक विचार केला आहे. न्यूयॉर्कच्या शस्त्रपरवाना कायद्याचा इतिहास आणि १९८४ सालचे बर्नहार्ड गेट्झ प्रकरण यांच्या पार्श्वभूमीवर या कलाकृतींचे वाचन केले आहे.

बीजसंज्ञा : स्वसंरक्षण, पिस्तूल, भय, कथन, रूपांतर, परवाना, नागरिकत्व.

१. प्रस्तावना

अमेरिकेत गोळीबाराची एखादी मोठी घटना घडली की आपल्याकडील वृत्तपत्रांतून ‘बंदूकवेड’ हा शब्द हमखास वापरला जातो. हा शब्द सोयीचा आहे, कारण तो वापरल्यावर पुढे विचार करण्याची गरज उरत नाही. वेड्याच्या वागण्याला कारणे असतात, असे आपण सहसा मानत नाही. पण रोज सकाळी घराबाहेर पडताना किल्ल्या आणि पाकीट यांच्याबरोबर पिस्तूलही कमरेला लावणारा माणूस स्वतःला वेडा समजत नाही. तो स्वतःला सावध, जबाबदार आणि कुटुंबवत्सल समजतो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतील ७२ टक्के बंदूकधारकांनी स्वसंरक्षण हे शस्त्र बाळगण्याचे प्रमुख कारण असल्याचे सांगितले. या माणसाला समजून न घेता त्याच्या भूमिकेचे खंडन करणे हे समीक्षेचे काम नव्हे.

हा माणूस साहित्यात आणि चित्रपटात कसा उभा राहिला, हे पाहणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे. पाश्चिमात्य सीमाप्रदेशातील बंदूकधाऱ्याची कथा हॉलिवूडने शेकडो वेळा सांगितली. परंतु तो बंदूकधारी व्यवसायानेच शेरीफ, गुंड किंवा गुराखी असतो. हिशेबनीस असलेला, कार्यालयात जाणारा, भुयारी रेल्वेने प्रवास करणारा शहरी मध्यमवर्गीय माणूस खिशात पिस्तूल ठेवून फिरू लागतो, ही कथा निराळी आहे. ‘डेथ विश’ हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. या कलाकृतीची चर्चा बहुधा ‘सूडकथा’ म्हणून झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती सूडकथा नाही. बाळगलेले शस्त्र बाळगणाऱ्याचे काय करते, याची ती कथा आहे. कादंबरीला हे पुरेपूर ठाऊक आहे, चित्रपटाला अर्धवट ठाऊक आहे आणि नव्या आवृत्तीला त्याचा विसर पडला आहे.

२. कादंबरीचा आशय

कादंबरीच्या जन्माची हकिकत गारफिल्ड यांनी वेळोवेळी सांगितली आहे. पत्नीची पर्स चोरीला जाणे आणि उभ्या करून ठेवलेल्या मोटारीचे कापडी छत कोणीतरी फाडणे, असे दोन साधे प्रसंग त्यांच्या अनुभवाला आले. त्या क्षणी मनात आलेला खुनाचा विचार थोड्याच वेळात विरून गेला. परंतु एखाद्या माणसाच्या मनातून तो विरलाच नाही तर, या प्रश्नातून कादंबरी सुचली. येथे बीज आहे ते स्वतःच्या मनात उमटलेल्या आणि स्वतःलाच दचकवणाऱ्या एका भावनेचे; गुन्हेगारीविषयीचे एखादे मत त्यामागे नाही. लेखक स्वतःची तपासणी करीत असल्यामुळेच कादंबरीचा सूर घोषणेचा झालेला नाही.

नायक पॉल बेंजामिन हा न्यूयॉर्कमधील हिशेबनीस आहे. विचाराने तो उदारमतवादी आहे. त्याच्या घरात शिरलेल्या तरुणांनी केलेल्या मारहाणीत पत्नी एस्थर मरण पावते आणि मुलगी कॅरोल मनाने कायमची कोसळते. हल्लेखोर सापडत नाहीत. पॉलच्या वाट्याला येतो तो सर्वव्यापी भयाचा अनुभव. ओळखीचा रस्ता अनोळखी होतो, पाठीमागून येणाऱ्या पावलांचा आवाज मोजला जाऊ लागतो. या भयाचे चित्रण हा कादंबरीचा सर्वोत्तम भाग आहे. पॉलचे भय खोटे नाही आणि त्याचे दुःखही खोटे नाही. गारफिल्ड त्याची कोठेही थट्टा करीत नाहीत, म्हणून वाचकही पॉलच्या बरोबर बराच दूरवर चालत जातो.

कामानिमित्त पॉल ॲरिझोना राज्यातील टुसॉन येथे जातो आणि तेथे त्याला पिस्तूल मिळते. ही योजना भूगोलाची जाण दाखविणारी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सुलिव्हन कायद्यापासून अंगावर लपविता येण्याजोगे शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक होता, तर ॲरिझोनात शस्त्र उघडपणे बाळगणे ही नित्याची बाब होती. एकाच देशात दोन कायदे आणि दोन संस्कृती नांदत होत्या. पॉल एका संस्कृतीतील वस्तू दुसऱ्या संस्कृतीत चोरून आणतो.

कादंबरीची खरी कलाटणी यानंतर येते. पिस्तूल खिशात आल्यावर पॉलचे भय कमी होत नाही, ते केवळ रूप बदलते. पूर्वी तो अंधारे रस्ते टाळत असे, आता तो ते शोधू लागतो. उद्यानात, निर्मनुष्य गल्ल्यांत तो लुटारूंना आमिष म्हणून स्वतःलाच पुढे करतो. बळी घेण्याची पायरीही हळूहळू खाली येत जाते. प्रथम त्याच्यावर चाल करून येणारा, मग दुसऱ्याला लुटणारा आणि शेवटी रेल्वेगाडीवर दगड भिरकावणारी पोरे. त्या पोरांपासून त्याच्या जिवाला कसलाही धोका नसतो. त्यांना मारून तो वळतो तेव्हा एक पोलीस शिपाई त्याच्याकडे पाहत उभा असतो आणि तो शिपाई पाठ फिरवतो. कादंबरी येथे संपते. हा शेवट नायकाचा विजय नसून राज्यसंस्थेचा राजीनामा आहे. स्वसंरक्षण या शब्दाने सुरू झालेला प्रवास त्या शब्दाचा अर्थच शिल्लक न उरण्यापर्यंत येऊन थांबतो.

३. पडद्यावरील रूपांतर

१९७४ च्या चित्रपटात वेंडेल मेयस यांच्या पटकथेने काही महत्त्वाचे बदल केले. नायकाचे आडनाव कर्सी झाले, तो हिशेबनिसाचा वास्तुरचनाकार झाला आणि ती भूमिका चार्ल्स ब्रॉन्सन यांच्याकडे आली. येथे भूमिकेसाठी केलेली निवड हीच अर्थनिर्णायक ठरते. ब्रॉन्सन यांचा चेहरा आणि शरीर प्रेक्षकाला पूर्वीच्या चित्रपटांतून लढवय्याचे म्हणून परिचित होते. त्यामुळे सामान्य माणूस हळूहळू बदलत जातो असे न वाटता, आत दडलेला खरा पुरुष बाहेर आला असे वाटते.

तरीही हा चित्रपट सरसकट टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. कर्सीने कोरियन युद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता आणि वैद्यकीय पथकात काम केले होते. त्याच्या वडिलांचा मृत्यू शिकारीतील अपघातात झाला होता. म्हणजे शस्त्राविषयीची त्याची दूरस्थता विचारपूर्वक आलेली आहे. तो प्रथम पिस्तूल नव्हे, तर मोज्यात नाण्यांची गुंडाळी भरून तयार केलेले हत्यार वापरतो. पहिली हत्या केल्यावर त्याला घरी येऊन उलटी होते. टुसॉनमध्ये पर्यटकांसाठी सादर होणारी जुन्या काळातील बंदूकबाजीची नाटुकली तो पाहतो आणि परतताना त्याच्या अशिलाने भेट म्हणून दिलेले रिव्हॉल्व्हर त्याच्या सामानातून निघते. कादंबरीत पॉल शस्त्र स्वतः मिळवितो. चित्रपटात ते त्याला भेट मिळते. पश्चिमेने पूर्वेला, भूतकाळाने वर्तमानाला दिलेली ही भेट आहे. सीमाप्रदेशाची मिथककथा मोठ्या शहरात कशी उतरते, हे विनर यांनी या दोन प्रसंगांतून नेमके दाखविले आहे.

मात्र पुढे चित्रपटाचा तोल जातो. कर्सीच्या हत्यांमुळे शहरातील रस्त्यांवरची लूटमार घटल्याचे दाखविले जाते आणि हे सत्य दडविण्याची धडपड अधिकारी करतात. त्यामुळे नायकाचे कृत्य बेकायदेशीर असले तरी उपयुक्त आहे, असा निवाडा कथानकच देऊन टाकते. पोलीस निरीक्षक ओचोआ त्याला अटक न करता शहर सोडण्यास सांगतो. शिकागोच्या रेल्वेस्थानकात उतरल्यावर एका तरुणीला त्रास देणाऱ्या टोळक्याकडे पाहून कर्सी बोटांचे पिस्तूल करतो आणि हसतो. कादंबरीच्या शेवटी पोलिसाची पाठ होती. येथे नायकाचे हास्य आहे. चित्रपटगृहांतून प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते, याची नोंद त्या काळच्या समीक्षकांनी अस्वस्थ होऊन केली आहे.

गारफिल्ड यांना हा परिणाम मान्य नव्हता. त्यांनी १९७५ मध्ये ‘डेथ सेंटेन्स’ ही पुढील कादंबरी लिहिली. तीत पॉलच्या अनुकरणाने दुसरा एक बंदूकधारी शहरात वावरू लागतो आणि पॉलला आपल्या कृत्याचा परिणाम समोर उभा राहिलेला पाहावा लागतो. लेखकाने स्वतःच्याच कृतीच्या स्वागतावर कलाकृतीतून आक्षेप घेण्याचे हे लक्षणीय उदाहरण आहे. परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो चित्रपट. १९८२ ते १९९४ या काळात त्याचे आणखी चार भाग निघाले.

४. कथनाची सक्ती

येथे एक सैद्धांतिक प्रश्न उपस्थित होतो. शस्त्राविषयी साशंक असलेल्या लेखकाच्या कथेतून शस्त्राचे समर्थन का निर्माण झाले? सर्व दोष दिग्दर्शकाच्या अभिरुचीवर टाकणे पुरेसे नाही. त्याचे उत्तर कथनाच्या स्वरूपातच शोधावे लागते.

पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगली असेल तर पुढे ती उडालीच पाहिजे, हा चेखॉव्ह यांच्या नावे प्रसिद्ध असलेला नाट्यसंकेत सर्वपरिचित आहे. कथेतील प्रत्येक वस्तू सप्रयोजन असावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. पण दैनंदिन स्वसंरक्षणाच्या संदर्भात हा संकेत निराळाच परिणाम घडवितो. प्रत्यक्ष जीवनात पिस्तूल बाळगणाऱ्या बहुसंख्य माणसांचे पिस्तूल कोणावरही रोखले न जाता वर्षानुवर्षे कमरेलाच राहते. ते सकाळी लावले जाते आणि रात्री कपाटात ठेवले जाते. बाळगण्याचा खरा अनुभव म्हणजे काहीही न घडणाऱ्या हजारो दिवसांचा अनुभव. कथेला हे दिवस सांगता येत नाहीत. कथेत शिरलेले पिस्तूल सुटतेच आणि ते सुटावे म्हणून कथेला धोका पुरवावा लागतो. म्हणून अशा प्रत्येक कथेत, लेखकाची इच्छा असो वा नसो, जग प्रत्यक्षापेक्षा अधिक धोकादायक दिसते आणि पिस्तूल प्रत्यक्षापेक्षा अधिक उपयोगी ठरते. यालाच प्रस्तुत लेखात कथनाची सक्ती म्हटले आहे.

गारफिल्ड यांच्या कादंबरीचे मोठेपण असे की, तिने ही सक्ती नायकाच्या अंगी उतरविली. पॉल स्वतःच या सक्तीचा बळी आहे. खिशात पिस्तूल असूनही काही घडत नाही, हे त्याला असह्य होते. म्हणून तो घटना घडवू लागतो, जणू तो स्वतःच्या कथेचा लेखक होऊ पाहतो. चित्रपटात मात्र धोका आपण होऊन नायकापुढे येत राहतो. कर्सी शोधात निघतो हे दिसते. पण प्रत्येक वळणावर लुटारू उभाच असल्याने त्याचा शोध हा शोध वाटत नाही, ती केवळ शहराची प्रचीती वाटते. शोधण्याचा दोष अशा रीतीने नायकावरून शहरावर ढकलला जातो.

आकडेवारीच्या क्षेत्रातही हीच अडचण निराळ्या रूपात भेटते. शस्त्राच्या साहाय्याने वर्षाकाठी किती स्वसंरक्षणाचे प्रसंग घडतात, याचा गॅरी क्लेक आणि मार्क गेर्ट्झ यांनी १९९५ मध्ये मांडलेला अंदाज सुमारे २५ लाखांचा होता, तर गुन्हेबळींच्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाज एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिले. ही तफावत केवळ गणिताची नव्हे. ‘मी पिस्तूल काढले म्हणून वाचलो’ हे विधान म्हणजे अखेर एक कथाच असते. समोरचा माणूस खरोखर हल्ला करणार होता का, हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. जॉन लॉट यांनी १९९८ मध्ये शस्त्रे बाळगण्याने गुन्हे घटतात असा सिद्धान्त मांडला. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००५ च्या अहवालात उपलब्ध पुराव्यांवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, असे मत दिले. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधील अभ्यासाने तर अशा कायद्यांनंतर दहा वर्षांत हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी वाढल्याचे दाखविले. हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. मात्र एक आकडा कथेच्या चौकटीत कधीच येत नाही, तो नोंदविला पाहिजे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरी आलेले पिस्तूल घरातल्याच माणसाच्या हाती लागते, ही कथा ‘डेथ विश’ या परंपरेने सांगितली नाही.

५. कथा आणि वास्तव : १९८४

२२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ नावाच्या गोऱ्या प्रवाशाने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. त्यांनी त्याच्याकडे पाच डॉलर मागितले होते. चौघेही वाचले, परंतु एक कायमचा अपंग झाला. वृत्तपत्रांनी गेट्झला लगेच दहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटातील नायकाच्या रांगेत बसविले. तीन वर्षांपूर्वी त्याला लुबाडण्यात आले होते, त्यानंतर त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. भय, नकार आणि बेकायदेशीर पिस्तूल या क्रमाने आलेली ही हकिकत कथेसारखीच वाटत होती. त्यामुळे ती कथेसारखीच वाचली गेली.

न्यायालयात मात्र वेगळा प्रश्न विचारला गेला. राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८६ मध्ये असे स्पष्ट केले की, आरोपीला भय वाटले एवढे पुरेसे नाही. त्याच्या परिस्थितीतील सुबुद्ध माणसाला तसे वाटले असते का, हेही पाहिले पाहिजे. १९८७ मध्ये ज्यूरीने खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून त्याला मुक्त केले आणि केवळ बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरविले. १९९६ मध्ये दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्यूरीने त्याला ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले. एकच प्रसंग दोन ज्यूरींनी दोन प्रकारे वाचला. भयाचा अर्थ लावणे हे कामही वाचनाचेच असते आणि वाचक कोण, यावर ते अवलंबून असते, हे यावरून ध्यानात येते.

६. परवान्याच्या अर्जातील कथा

न्यूयॉर्कच्या कायद्यात १९१३ पासून ‘योग्य कारण’ ही अट होती. अंगावर पिस्तूल बाळगण्याचा सर्वसाधारण परवाना हवा असेल तर आपल्याला इतरांहून वेगळा, विशेष धोका आहे, हे अर्जदाराने दाखवावे लागे. दुसऱ्या शब्दांत, नागरिकाने राज्यसंस्थेला आपली कथा सांगायची आणि राज्यसंस्थेने ती पटते की नाही हे ठरवायचे. पॉल बेंजामिनने अशी कथा सांगितली असती तरी ती उशिराची ठरली असती. धोका येऊन गेला होता.

फ्लॉरिडाने १९८७ मध्ये दिशा बदलली. ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यास परवाना द्यावाच लागेल, अशी पद्धत तेथे आली आणि ती अनेक राज्यांनी उचलली. ॲरिझोनाने २०१० मध्ये लपवून शस्त्र बाळगण्यासाठी परवान्याची गरजच काढून टाकली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली होती. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर निवाड्यात घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तिगत हक्क मान्य केला आणि २०१० च्या मॅक्डोनाल्ड निवाड्याने तो राज्यांनाही लागू केला. २३ जून २०२२ रोजी ब्रूएन निवाड्यात हा हक्क घराच्या उंबरठ्याबाहेर आला. न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ ही अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली. त्या खटल्यातील एका अर्जदाराने आपल्या परिसरातील चोऱ्यांचा दाखला दिला होता आणि तेवढ्याने विशेष धोका सिद्ध होत नाही, असे त्याला पूर्वी सांगण्यात आले होते. २०२४ च्या रहिमी निवाड्याने दुसऱ्याच्या जिवाला धोकादायक ठरलेल्यांचे शस्त्र काढून घेता येते, एवढी मर्यादा कायम ठेवली.

समीक्षेच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ असा की, नागरिकाला आता कथा सांगावी लागत नाही. हे न्याय्य आहे असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. कथा सांगायला लावणारी व्यवस्था कोणाची कथा ऐकते, हा प्रश्न उरतोच. जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी शस्त्रपरवान्यासाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. याहून अधिक ‘योग्य कारण’ कोणते असू शकते? अधिकाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेला हक्क अशा वेळी कोणाच्या हाती जातो आणि कोणाच्या हाती जात नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे किंग यांनी शस्त्राचा मार्ग स्वतःच सोडला. तो निर्णय त्यांचा होता. अधिकाऱ्याचा नकार त्या निर्णयाचा पाया ठरत नाही.

७. रक्षक कोण?

कथा सांगण्याची अट गेली म्हणून कथा संपली असे मात्र होत नाही. ती परवाना कार्यालयातून रस्त्यावर आली. समाजशास्त्रज्ञ जेनिफर कार्लसन यांनी मिशिगन राज्यात पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये राहून केलेला अभ्यास २०१५ मध्ये ग्रंथरूपाने आला. उद्योग बंद पडलेल्या, पोलीस वेळेवर न येणाऱ्या शहरांत ही माणसे शस्त्राकडे केवळ साधन म्हणून पाहत नाहीत, तर चांगल्या नागरिकाचे कर्तव्य म्हणून पाहतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पॉलच्या कथेतील शेवटचा पोलीस पाठ फिरवतो. कार्लसन यांच्या माणसांच्या जगात तो पोलीस मुळात हजरच नाही.

परंतु रक्षकाची ही भूमिका सर्वांना सारखी मिळत नाही. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय मोटारचालकाला वाहतूक तपासणीसाठी थांबविण्यात आले. त्याच्याकडे परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे, हे त्याने स्वतःहून पोलिसाला सांगितले. काही क्षणांतच पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या आणि पुढे ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरविले. कायद्याच्या लेखी कॅस्टिल हा कर्तव्यदक्ष नागरिक होता, पोलिसाच्या नजरेने त्याला धोक्याच्या जागी बसविले. ‘डेथ विश’ पाहताना प्रेक्षक नेहमी कर्सीच्या जागी बसतो, लुटारूच्या जागी कधीच बसत नाही. पण पिस्तूल खिशात घेऊन रात्री फिरणारा अनोळखी माणूस दुसऱ्याच्या नजरेने पाहिला तर कसा दिसेल? कर्सी आणि लुटारू यांच्यातील फरक प्रेक्षकाला ठाऊक असतो, कारण त्याला कथा ठाऊक असते. रस्त्यावर कोणालाही कोणाची कथा ठाऊक नसते.

८. नवी आवृत्ती आणि भारतीय वाचक

मार्च २०१८ मध्ये इलाय रॉथ दिग्दर्शित आणि ब्रूस विलिस अभिनीत ‘डेथ विश’ प्रदर्शित झाला. फ्लॉरिडातील पार्कलँड येथील शाळेत झालेल्या हत्याकांडाला तेव्हा काही आठवडेच झाले होते. कथा न्यूयॉर्कहून शिकागोला हलविली आहे आणि नायक शल्यचिकित्सक आहे. जीव वाचविणाऱ्या हातानेच जीव घ्यावा, ही कल्पना अर्थपूर्ण होऊ शकली असती. तसे घडलेले नाही, याचे कारण एका बदलात आहे. कादंबरीत आणि जुन्या चित्रपटात मूळ हल्लेखोर नायकाला कधीच सापडत नाहीत. येथे ते सापडतात आणि मारले जातात. त्यामुळे कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब नाहीशी होते. नायक ज्यांना मारतो त्यांनी त्याचे काहीही बिघडविलेले नसते, या जाणिवेतच मूळ कृतीचा नैतिक भार होता. तो उतरल्यावर उरतो तो केवळ हिशेब. विशेष म्हणजे मूळ कादंबरीनंतर न्यूयॉर्कमधील खून १९९० मध्ये २,२०० च्या पुढे गेले आणि २०१७ मध्ये ३०० च्या खाली आले. प्रत्यक्ष शहर सुरक्षित झाले तरी पडद्यावरील शहर पूर्वीइतकेच भयाण राहिले. त्यासाठी फक्त शहराचे नाव बदलावे लागले.

भारतीय वाचकाला हे कथासूत्र सर्वस्वी परके नाही. १९८४ सालचा राज बब्बर आणि स्मिता पाटील यांचा ‘आज की आवाज’ हा रवी चोप्रा दिग्दर्शित हिंदी चित्रपट ‘डेथ विश’शी नाते सांगतो. आपल्याकडे मात्र शस्त्रबंदीचा इतिहास वेगळा आहे. लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि त्यात सुधारणा व्हावी, अशी मागणी राष्ट्रीय सभेने ठरावांतून केली होती. निःशस्त्रीकरण हा अपमान आहे, ही भावना आपल्यालाही अपरिचित नाही. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याची पद्धत कायम ठेवली. मात्र आपल्या दंडविधानाने खासगी बचावाचा हक्क मान्य करतानाच एक मर्यादा घातली. सरकारी अधिकाऱ्याकडे दाद मागण्यास अवधी असेल तेव्हा हा हक्क नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९९ मधील ही मर्यादा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे.

या मर्यादेत एक सखोल विचार दडलेला आहे. बचावाचा हक्क क्षणाचा असतो. धोका सुरू होतो तेव्हा तो जन्मतो आणि धोका संपतो तेव्हा तो संपतो. बाळगणे ही मात्र क्षणाची नव्हे, सवयीची गोष्ट आहे. क्षणाच्या हक्काने सवयीचे समर्थन करताना मधल्या सर्व दिवसांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. पॉल बेंजामिन याच मधल्या दिवसांत हरवला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसाठी तर हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. शेजारी, सहकारी, मुलांच्या मित्रांचे पालक यांच्या घरी तो रोजचाच आहे. म्हणूनही ‘बंदूकवेड’ या शब्दावर थांबणे आपल्याला परवडणारे नाही.

९. निष्कर्ष

१. ‘डेथ विश’ ही कादंबरी सूडाची नसून बाळगलेल्या शस्त्राने घडणाऱ्या मनोवृत्तिबदलाची कथा आहे. भयाचा आदर करूनही भयाच्या आज्ञेचा नकार, हे तिचे नैतिक सूत्र आहे.

२. कथेत आलेले पिस्तूल सुटतेच. जीवनात ते बहुधा सुटत नाही. या विसंगतीमुळे स्वसंरक्षणाच्या कथा शस्त्राची उपयुक्तता वाढवून दाखवितात. कादंबरीने ही सक्ती नायकाचा दोष म्हणून दाखविली, तर चित्रपटाने ती शहराचा दोष म्हणून दाखविली.

३. शस्त्रपरवान्याचा कायदा हाही एका अर्थी नागरिकांच्या कथा ऐकण्याचा व नाकारण्याचा इतिहास आहे. किंग यांना मिळालेला नकार आणि कॅस्टिल यांचा मृत्यू या दोन्ही घटना लक्षात घेतल्याशिवाय परवान्याच्या बाजूने किंवा विरोधात दिलेला निवाडा अपुरा राहतो.

४. २०१८ ची आवृत्ती तंत्राने सफाईदार असली तरी मूळ प्रश्नापासून सर्वांत दूर गेली आहे, कारण तिने नायकाला योग्य शत्रू मिळवून दिला.

या विषयावरील पुढील अभ्यासाला एक दिशा सुचवावीशी वाटते. पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील काहीही न घडलेल्या दिवसांची कादंबरी अद्याप लिहिली जावयाची आहे. तो दरवाजा उघडताना कमरेला हात लावून पाहतो का, पाळण्यातल्या मुलाला उचलण्यापूर्वी ते शस्त्र कोठे ठेवतो, आणि वीस वर्षांनी ते एकदाही न वापरता कपाटात ठेवून देताना त्याला सुटल्यासारखे वाटते की फसल्यासारखे, हे प्रश्न कथेला अवघड आहेत. पण या विषयाचे सत्य बहुधा तेथेच आहे.